गाडीतले कोळी, बॉनेटखालचे उंदीर

पाऊस सुरू झाला की मला येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. मायलेज, क्लच, टायर मागे पडतात आणि गाडीत शिरलेल्या जिवांबद्दल विचारणा सुरू होते. चिपळूणला माझं गाड्यांच्या वायरिंगचं काम आहे, त्यामुळे त्यांनी केलेलं नुकसान रोज हातात येतं. या वेळी सगळी पत्रं त्याच विषयावरची घेतली आहेत.

प्रश्न : आमची गाडी घरासमोर रस्त्याच्या दिव्याखाली उभी असते. रोज सकाळी डाव्या आरशापासून दरवाजापर्यंत जाळं. पुसलं की दुसऱ्या दिवशी परत. मध्यंतरी आंबा घाटात एक मोठा, चपटा कोळी सन-वायझरवरून माझ्या मांडीवर पडला. वेग कमी होता म्हणून निभावलं. झुरळं मारायचा स्प्रे आत मारून काचा बंद करून ठेवू का? (एक भगिनी, रत्नागिरी)

उत्तर : ताई, स्प्रे मारू नका. बंद गाडीत मारलेलं औषध सीटच्या कापडात, छताच्या अस्तरात मुरतं आणि उन्हात गाडी तापली की तुमच्याच श्वासात येतं. त्या डब्यातला वायू पेट घेणारा असतो, तो डबा उन्हातल्या गाडीत विसरलात तर वेगळंच संकट. आणि एवढं करून कोळी जाईलच असं नाही. झुरळ पृष्ठभागाला चिकटून फिरतं, मिशा-पाय चाटतं, म्हणून औषध त्याच्या पोटात जातं. कोळी पायांच्या टोकांवर चालतो. सुकलेल्या औषधावरून तो खुशाल निघून जातो.

तुमच्याकडे दोन वेगळे कोळी दिसतात. आरशावरचा विणणारा आहे. दिवसा तो आरशाच्या काचेमागे, मोटर आणि वायरी असतात त्या पोकळीत दडून बसतो. म्हणून नुसतं जाळं पुसून उपयोग होत नाही, विणणारा आत शाबूत असतो. रात्री जेवणं झाल्यावर टॉर्च घेऊन बाहेर या, तो जाळ्याच्या मधोमध सापडेल. वरून रुंद तोंडाची बरणी, खालून पुठ्ठा, आणि नेऊन कुंपणावर सोडा. दुसऱ्या दिवशी आरशाची काच बटणाने पूर्ण एका बाजूला वळवा, कडेची फट रुंद होईल. तिथे टायरवाल्याकडून हवेचा झोत मारून घ्या, मग काच उलट बाजूला वळवून परत एकदा. आतून पांढरट-पिवळट मऊ पुडी निघाली तर ती अंडी. ती गाडीपासून लांब टाका, नाहीतर काही दिवसांनी बारीक पिल्लांची रांग दरवाजाच्या रबरावरून चालताना दिसेल.

आणि दिवा. दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. गाडी दिव्यापासून चार हात सरकवता आली तर निम्मं काम झालं. पोर्चमधला दिवा तुमचा स्वतःचा असेल तर पांढरा काढून पिवळा लावा, त्यावर किडे कमी येतात.

मांडीवर पडला तो बिनजाळ्याचा, धावून शिकार करणारा कोळी. तळहाताएवढा दिसतो म्हणून धडकी भरते, पण तो झुरळं खातो आणि माणसापासून पळ काढतो. चावलाच तर थोडी आग, थोडी सूज येते; सूज वाढत गेली तर मात्र डॉक्टरांना दाखवा. खरी भीती त्याच्या विषाची नाही, तुमचा हात स्टिअरिंगवरून सुटण्याची आहे. पुन्हा असं झालं तर झटकायला जाऊ नका. इंडिकेटर द्या, रुंद जागा बघून बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, चारही दारं उघडा. तो आपणहून उतरतो. नंतर सीटखाली टॉर्च मारून बघा, तुमच्या गाडीत झुरळं असणार. ती गेली की याचंही येणं थांबेल.

कोळी गाडीचं काही बिघडवत नाही, असं मात्र समजू नका. 2011 साली मझ्दा कंपनीने अमेरिकेत मझ्दा-6 या हजारो गाड्या परत बोलावल्या. पेट्रोलच्या वाफेच्या वासाने एक पिवळा कोळी टाकीच्या हवेच्या नळीत शिरून जाळं करत होता. नळी तुंबली की टाकीत निर्वात तयार होतो आणि टाकीला तडा जाऊ शकतो. कंपनीने कोळी शिरू नये म्हणून स्प्रिंग बसवून दिली, तरी 2014 साली आणखी 42 हजार गाड्या त्याच कारणासाठी बोलवाव्या लागल्या. 2013 साली टोयोटानेही पावणेनऊ लाखांच्या आसपास गाड्या बोलावल्या. एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी जाळ्याने तुंबून पाणी एअरबॅगच्या कंट्रोलपर्यंत झिरपण्याचा धोका होता.

ही दुसरी गोष्ट आपल्याकडेही घरच्या घरी तपासता येते. एसी वीस मिनिटं चालवा. दमट दिवसात गाडीखाली पाणी ठिबकलंच पाहिजे. ठिबकत नसेल आणि पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं लागत असेल, तर नळी साफ करून घ्या. आत कोळी असो, चिखल असो की पाला, काम तेच.

प्रश्न : सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी असते. महिन्याभरात दोनदा उंदरांनी वायरी कुरतडल्या, बिल मोठं झालं. एकाने बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी बांधायला सांगितलं, दुसऱ्याने डांबरगोळ्या, तिसऱ्याने विषारी वडी. खरं काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दादा, हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, कारण दुरुस्तीच्या बिलात लोकांचे पैसे जाताना बघवत नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे लोक घाबरून घातक औषधं घरात आणतात.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं त्याला चुकत नाही. संध्याकाळी परत आलेल्या गाडीचं इंजिन उबदार, बॉनेटच्या आतली गादी मऊ, वर झाकण. पावसाळ्यात गटारं भरली की तो वर येतो आणि ही जागा धरतो. बेसमेंटमध्ये कचऱ्याची खोली, कबुतरांचे दाणे किंवा मांजरांसाठी रात्रभर उघडी ठेवलेली वाटी असेल, तर बॉनेटमध्ये काहीही बांधा, उंदीर येणारच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिला विषय हा काढा.

आता गाडीकडे. बॉनेट उघडून बॅटरीच्या ट्रेवर बघा. शेंगदाण्याची टरफलं, फोमचे तुकडे, तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या दिसल्या तर मुक्काम पक्का. वायपरच्या खाली जाळीचं पॅनल असतं, तिथून हवा आत जाते आणि उंदीरही. ग्लोव्ह बॉक्समागचा एसी फिल्टर बाहेर काढून बघा. घरटं बहुतेक वेळा तिथेच सापडतं, आणि तो कुजकट वासही तिथूनच येतो. हवेच्या त्या तोंडावर बारीक भोकाची, पाव इंचापेक्षा मोठी नसलेली स्टीलची जाळी बसवून घ्या. कापड किंवा स्पंज कोंबू नका, ब्लोअर गुदमरतो आणि उंदराला अंथरूण मिळतं.

घाण कोरडी झाडू नका. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुताने पसरतो, आणि कोकणात, मुंबईत दर पावसाळ्यात त्याने माणसं दगावतात. रबरी हातमोजे घाला, तोंड झाका, एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात मिसळून शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग पुसा. बॅटरीच्या टोकांवर आणि कनेक्टरवर मात्र ब्लीचचं पाणी जाऊ देऊ नका.

वायर जोडताना मेकॅनिककडून सोल्डर करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवून घ्या. नुसती टेप गुंडाळलेला जोड पावसात हिरवा पडतो, मग सहा महिन्यांनी इंजिनचा दिवा उगाच लागायला लागतो आणि दोष सेन्सरवर जातो. सकाळी पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारूच नका. उंदीर इंधनाची रबरी नळीही कुरतडतो.

आता तुमचे तीन सल्ले. तंबाखूचा वास चार-आठ दिवसांत उडतो आणि पुडी सुटून गरम सायलेन्सरवर पडली तर पेटू शकते. डांबरगोळ्यांची वाफ बंद गाडीत साठते. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. लहान मूल गाडीत बसत असेल तर एकही गोळी ठेवू नका. विषारी वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो, आणि तो डॅशबोर्डच्या आत मेला तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तो बाहेर पडून घुबडाच्या तोंडी लागला तर घुबडही धोक्यात, आणि एक गव्हाणी घुबड आपल्याला फुकटात जेवढे उंदीर मारून देतं तेवढे आपण मारू शकत नाही.

धान्यातल्या किडीसाठी वापरतात त्या सेल्फॉसच्या गोळीचं तर नावही काढू नका. तिच्यातून निघणारा फॉस्फिन वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या घरात जातो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत. ती गोळी कोणी हातात देत असेल तर परत करा.

पिंजरा वापरा. गाडीच्या आत नाही, भिंतीच्या कडेला, चाकाच्या मागे, कारण उंदीर भिंत धरून चालतो. आमिषाला भाजलेलं खोबरं किंवा सुकट. पहिल्या दोन रात्री दार बांधून उघडंच ठेवा, त्याला सवय होऊ द्या. आणि आवारात सुरक्षित असेल तर रात्री बॉनेट उचलून ठेवा, वर दिवा राहू द्या. उघड्यावर त्याला बसवत नाही.

प्रश्न : माझी टुरिस्ट गाडी आहे. बारीक झुरळं झाली आहेत, प्रवासी तक्रार करतात. दर आठवड्याला स्प्रे मारतो, कमी होत नाहीत. (एक चालक, नवी मुंबई)

उत्तर : दादा, ही तपकिरी, बारीक झुरळं जर्मन झुरळं म्हणून ओळखली जातात. मादी अंड्यांची पेटी शेपटाशी धरूनच फिरते आणि एका पेटीत तीस-चाळीस पिल्लं असतात. स्प्रेने समोरची मरतात, बाकीची डॅशबोर्डमध्ये आणखी आत जातात.

प्रवाशांच्या चिप्सचा चुरा सीटच्या रुळात पडतो. आधी सीट पूर्ण मागे-पुढे करून व्हॅक्यूम मारून घ्या. मग झुरळं मारायच्या विषारी जेलचे ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके सीटखाली, ग्लोव्ह बॉक्सच्या बिजागरीजवळ, डिकीतल्या स्टेपनीच्या कडेला लावा. एसीच्या झडपांजवळ नको. जेल लावल्यावर स्प्रे पूर्ण बंद, त्याचा वास लागलेल्या जागी झुरळ जेल खात नाही. तीन-चार आठवड्यांनी परत ठिपके द्या, कारण तोवर पेटीतली पिल्लं बाहेर आलेली असतात. लोक इथेच थांबतात आणि जेल वाया गेलं म्हणतात.

प्रश्न : गॅरेजच्या शटरवर आणि गाडीच्या मागच्या नंबरप्लेटमागे मातीचे गोळे झालेत. फोडला तर आत मेलेले कोळी! हे काय आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कुंभारमाशीचं घर. आपल्या संतांच्या दृष्टांतांत अळीला ध्यास लावून स्वतःसारखी करणारी भृंगी येते ना, तीच ही मंडळी. प्रत्यक्षात ती कोळ्याला डंख मारून लुळा करते, मातीच्या कोठीत रचते, त्यावर एक अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. तुम्हाला मेलेले वाटलेले कोळी बहुधा जिवंतच होते, फक्त हलू शकत नव्हते. तिच्या काही जाती कोठीत अळ्या भरतात, तुमच्याकडची कोळी भरते. ती सहसा माणसाला डसत नाही. शटरवरची घरटी राहू द्या, गॅरेजमधली जळमटं ती कमी करते. गाडीवरची मात्र खरवडून काढा, आणि एसीच्या पाण्याची नळी, हॉर्नचं तोंड, बंद असलेल्या गाडीचा सायलेन्सर तपासा. बरेच दिवस गाडी उभी राहणार असेल तर सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी बांधा आणि चावीला चिठ्ठी अडकवा, म्हणजे सुरू करण्याआधी ती काढायची आठवण राहील.

प्रश्न : आंब्याखाली गाडी लावतो, मुंग्या आत येतात. (एक वाचक, देवगड)

उत्तर : फांदी टपाला टेकत असेल तर छाटा, नाहीतर गाडी सरकवा. आतली मुंग्यांची रांग साबणाच्या पाण्याने पुसा, वास गेला की वाट मोडते. दरवाजाच्या कप्प्यातलं खाणं काढून टाका.

प्रश्न : घराशेजारच्या शेडमध्ये मोटरसायकलजवळ सापाची कात मिळाली. बायको शेडमध्ये जायला तयार नाही. (एक वाचक, लांजा)

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे. साप तिथे उंदरांमागे आला आहे. जुने टायर, गोणपाट, लाकडांचा ढीग शेडबाहेर काढा, पण काठीने आणि दिवसा, हात घालून नाही. शटरखालच्या फटीला रबरी पट्टी लावा. मोटरसायकल काढण्याआधी टॉर्चने सीटखाली, हेडलाइटमागे, एअर फिल्टरच्या डब्याभोवती बघा. साप दिसला तर मारायला जाऊ नका. घरच्यांना लांब उभं करा, एकाने तो कुठे जातो त्यावर नुसती नजर ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन लावा, किंवा गावातल्या सर्पमित्राला बोलवा. सर्पमित्राचा नंबर आजच शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवा.