गुत्तूझोच्या ‘क्रोचिफिस्सिओने’ (क्रूसारोहण) चित्रात ख्रिस्ताचा चेहरा का झाकलाय? आणि त्याची तैलरंगात कॉपी करायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमचे प्रश्न दोन असले तरी उत्तर एकाच जागी आहे. चेहरा का झाकला ते कळलं की कॉपी कुठून सुरू करायची ते आपोआप ठरतं.

रेनातो गुत्तूझो (१९११–१९८७) हा इटालियन चित्रकार, सिसिलीतल्या बागेरियाचा. क्रूसारोहणाचं हे तैलचित्र १९४०-४१चं, चौरस, बाजू जेमतेम दोन मीटर. सध्या ते रोमच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात आहे. गोव्यात किंवा वसईत चर्चमध्ये वेदीवरचा क्रूस आपण समोरून, मधोमध बघतो. इथे तिन्ही क्रूस तिरके आहेत, एकमेकांवर चढलेले, आणि ख्रिस्ताबरोबर क्रूसावर चढवलेल्या दोन चोरांपैकी पुढच्याच्या क्रूसाआड ख्रिस्ताचा चेहरा जातो. ख्रिस्ताची शिष्या मग्दालिया, विवस्त्र, त्याला बिलगलेली. घोड्यांवरची माणसंही उघडी, त्यातला एक घोडा निळा. अगदी पुढे टेबल, त्यावर खिळे आणि छळाची हत्यारं वस्तुचित्रासारखी मांडलेली. मागे बॉम्बने उद्ध्वस्त झालेलं शहर.

हे अपघाताने झालेलं नाही. हा काळ युद्धाचा आणि कत्तलींचा आहे, तेव्हा ख्रिस्ताचा छळ आजचाच प्रसंग म्हणून रंगवायचा, आपल्या विचारांसाठी तुरुंग आणि यातना सोसणाऱ्या सगळ्यांचं प्रतीक म्हणून, असं त्याने त्या वेळी टिपून ठेवलं होतं. अबिसिनियातला (आजच्या इथिओपियातला) युद्धातला विषारी वायू आणि यादवी युद्धातलं स्पेन, दोन्हींचा उल्लेख त्या टिपणात आहे. चेहरा झाकला की तो ‘एकच’ ख्रिस्त राहत नाही. माणसं विवस्त्र का, याचाही खुलासा त्याने नंतर केला: रोमन शिपायांचे पोशाख चढवले असते तर नाटक झालं असतं, आणि त्याला ती माणसं कुठल्याच काळात अडकवायची नव्हती. पिकासोच्या ‘गेर्निका’चं (बॉम्बहल्ल्यावरचं चित्र, त्यातही तडफडणारा घोडा आहे) पोस्टकार्ड तो त्या काळात पाकिटात बाळगायचा. घोड्यांच्या माना बघितल्या की ते पटतं.

१९४२ मध्ये या चित्राला इटलीतल्या बेर्गामो शहराच्या पुरस्कार स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. ती स्पर्धा फॅसिस्ट सरकारातला शिक्षणमंत्री बोत्ताई याच्या पाठिंब्यावर चालायची आणि नव्या चित्रकारांना तिथे वाव होता. शेजारच्या क्रेमोनात याच काळात दुसरी स्पर्धा भरायची, तिथे ‘रेडिओवर दूचेचं (म्हणजे मुसोलिनीचं) भाषण ऐकणं’ असे विषय नेमून दिलेले असायचे! बेर्गामोत धर्मगुरूंना हे चित्र बघायची बंदी झाली. रोष मुख्यतः मग्दालियेच्या नग्नतेवर होता. माझ्या मते खरा धक्का चेहरा लपवण्यात आहे, पण त्यावर बोट ठेवणं अवघड, म्हणून बोट नग्नतेवर गेलं.

आता कॉपी.

६० × ६० सें.मी. घ्या, त्याहून लहान नको. टेबलावरच्या वस्तू लहान आकारात किड्यांसारख्या होतात. सुती कॅनव्हास ७२ × ७२ कापा, म्हणजे चारी बाजूंना ताणायला ६ सें.मी. मिळतात. जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात आधीच्याला आडवा, मधे बारीक पॉलिश पेपर. एकच जाड हात दिला तर तो तडकतो आणि वरचा रंगही घेऊन जातो.

संदर्भासाठी छापील प्रत मिळवा. मोबाइलचा पडदा तांबडा रंग भडक दाखवतो. इंटरनेटवरच्या बऱ्याच प्रतींच्या कडा कापलेल्या असतात, तेव्हा आधी पट्टी लावून बघा: प्रत चौरस भरत नसेल तर ती बाद. या चित्रात कडेला काय तुटतं याला फार महत्त्व आहे.

प्रतीवर आणि कॅनव्हासवर ६ × ६ चौकटी पाडा. कॅनव्हासवर चौकट १० सें.मी.ची, म्हणजे मूळ चित्रातला साधारण ३३ सें.मी.चा तुकडा. दोन्ही कर्णही आखा, कारण इथला सगळा जोर तिरक्या रेषांमध्ये आहे.

सगळ्यात जास्त वेळ रेखांकनाला द्या, आणि नेमके इथेच बहुतेक जण चुकतात. सवयीने आधी ख्रिस्ताची पूर्ण आकृती काढतात, मग तिच्यावर चोराचा क्रूस बसवतात. मग चेहरा झाकायला जीव होत नाही, हात थोडा सरकतो, गाल दिसू लागतो आणि चित्र संपतं. उलट करा. ट्रेसिंग पेपरवर फक्त त्या जागा काढा जिथे एक आकार दुसऱ्याला कापतो: लाकूड दंडाला कुठे कापतं, घोड्याची मान पाठीमागच्या अंगाला कुठे. प्रत्येक ठिकाणी पुढच्या आकाराला १, मागच्याला २ असा आकडा टाका. मग प्रत उलटी धरून आकारांमधल्या रिकाम्या फटी काढा. या फटी बरोबर आल्या की शरीरं आपोआप जागेवर बसतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे टेबल ‘सुधारणं’. पृष्ठभाग आपल्याकडे कलंडल्यासारखा आहे, वस्तू घसरून पडतील असं वाटतं. जे. जे. कला महाविद्यालयाच्या शिस्तीत शिकलेला हात तिथे लगेच यथार्थदर्शनाच्या रेषा ओढून टेबल सपाट करतो. करू नका. ते सपाट झालं की चित्रात खोली तयार होते आणि क्रूस मागे सरकतात.

रंग मोजके पुरतात: टायटेनियम व्हाइट (इतरांच्या तिप्पट लागेल), यलो ऑकर, कॅडमियम रेड, क्रिमझन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, व्हिरिडियन, आयव्हरी ब्लॅक. पहिला थर बर्न्ट सिएना आणि टर्पेंटाइनचा, चहाच्या पाण्याइतका पातळ, त्यात फक्त उजेड-सावलीचे तीन टोन. सिएना लवकर वाळतो, म्हणून तो खाली. काळा आणि क्रिमझन हळू वाळतात. ते खाली जाड लावले तर वरचा थर आधी आवळतो आणि काही महिन्यांनी भेगा पडतात. दुसऱ्या थराला दोन भाग टर्पेंटाइन, एक भाग जवसाचं तेल, शेवटच्याला निम्मं-निम्मं. मधे बोट लावून बघा, चिकट लागलं तर थांबा. पावसाळ्यात हे थांबणं लांबतं.

एरवी आपण मागून पुढे रंगवत येतो. इथे शेजारी-शेजारी रंगवा: क्रूसाचं लाकूड आणि त्याला लागून असलेलं अंग एकाच बैठकीत. दोन्ही रंग ओले असताना कड सपाट ब्रशने एका फटक्यात ओढायची. नंतर काळ्या रेषेने कड कोरली तर ते पोस्टर दिसतं. मागची घरंही फिकट, निळसर करू नका. दूरचं धूसर दाखवायची सवय इथे घातक आहे. शहर पुढच्या माणसांइतकंच ठाशीव हवं, तरच ती दाटी छातीवर येते.

निळ्या घोड्यासाठी अल्ट्रामरीन आणि पांढरा, सावलीत कणभर प्रशियन. कणभर म्हणजे खरंच पॅलेट नाइफच्या टोकावर मावेल तेवढा, नाहीतर तो अख्खं पॅलेट गिळतो. अंगाच्या सावल्यांत काळा घातला की कातडी मातकट होते. त्याऐवजी सिएना आणि व्हिरिडियन. आणि तांबडा पांढऱ्याने उजळू नका, गुलाबी होतो. शेजारचा रंग थंड ठेवलात की तांबडा स्वतःच पेटतो.

तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्याच्या डब्यात ठेवा. व्हार्निश सहा महिन्यांच्या आत नको.

अजून एक, कारण हे पुढे विचारलं जातंच: गुत्तूझोचं काम अजून कॉपीराइटखाली आहे, भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०४७ अखेरपर्यंत. अभ्यासासाठी करा, विकू नका. कॅनव्हासच्या मागे ‘गुत्तूझोवरून’ लिहून आपलं नाव आणि तारीख टाका, पुढे त्याची सही उतरवू नका.