काच, रबर अन् झडीचं पाणी
वाचकांचे प्रश्न, गाडीची उत्तरं

प्रश्न : राम राम भाऊ. मायी ९६ ची महिंद्राची कमांडर जीप हाये, वावरात अन् बाजाराले जायले वापरतो. वरून लोखंडी टप बसवला हाये. झड लागली का समोरच्या काचीतून पानी येते, क्लचवरचा पाय भिजते, खालची मॅट चिकचिक होते. मागच्या वर्षी काचीच्या भोवतान सिलिकॉनची आख्खी नळी लावली, दोन पानी पडेलोक बरं रायलं अन् मंग पुन्हा सुरू. आता कोनी म्हनते एम-सील लाव, कोनी म्हनते डांबर लाव, कोनी म्हनते काचच बदल. काय करू सांगजा जी.
*— दारव्हा तालुक्यातले एक शेतकरी*

उत्तर : राम राम दादा. काच बदलायची घाई करू नका, अन् डांबर तर अजिबात लावू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात ते वितळून बॉनेटवर येते अन् मग रॉकेलनं पुसत बसा. एम-सील वाळलं की दगड होते, अन् जीप तर वावराच्या रस्त्यानं चालताना सगळी पिळते, फ्रेम हलते, मग त्या दगडाला तडा जातोच. जिथं हलणारी वस्तू आहे तिथं मऊ राहणारंच काहीतरी पाहिजे.

पण त्याच्याही आधीची गोष्ट. पाणी काचेतूनच येतंय हे तुम्ही पाहिलंय का? पाणी जिथं ठिबकते तिथून आत शिरलेलं नसते. ते वरून कुठून तरी शिरते, पत्र्याच्या आतल्या बाजूनं, खांबाच्या कडेकडेनं उतरते अन् सगळ्यात खाली जिथं धार सुटते तिथं आपल्याला दिसते, म्हणून आपण तिथंच नळी लावतो. तुमच्या गाडीत पाणी यायच्या जागा मला तीन दिसतात. एक, काच अन् रबर. दुसरी, फ्रेमच्या खाली, म्हणजे काचेची अख्खी फ्रेम जिथं बॉनेटमागच्या पत्र्यावर टेकते तिथली आडवी रबरपट्टी, कारण या जीपची फ्रेम मुळात पुढं पाडता येईल अशी बिजागरीवर बसवलेली असते, एका अंगाचा पत्रा नाही तो. अन् तिसरी, टप जिथं फ्रेमच्या वरच्या कडेला येऊन मिळतो तो जोड. टप बाहेरून करून घेतलेला असला तर माझा पहिला संशय त्या जोडावरच जातो, बसवणारे नट आवळून देतात पण मधात रबर टाकत नाहीत.

आता तपासायचं कसं, तर उघाड पडली की एक दिवस सकाळी गाडी सपाट जागी उभी करा, आतली मॅट काढा, काचेच्या आतल्या कडेनं अन् दोन्ही खांबांवर पुसून कोरडं करा अन् लेकरांची टाल्कम पावडर हलक्या हातानं भुरभुरवा. घरातल्या एखाद्या पोट्ट्याला बॅटरी देऊन आत बसवा. बाहेरून साधा पाइप धरा, तोंडाला बोट लावून फवारा मारायचा नाही, वॉशिंग सेंटरवरचं प्रेशर तर नाहीच, त्यानं चांगल्या रबरातूनही पाणी घुसते. सुरुवात खालून करायची. आधी फक्त खालच्या पट्टीवर पाच मिनिटं, मग काचेचा खालचा कोपरा, मग बाजू, मग वरची कड, अन् सगळ्यात शेवटी टपाचा जोड. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडेच जाते अन् काहीच समजत नाही. घाई करू नका, कधीकधी तीन-चार मिनिटांनी पहिला थेंब येतो, पावडरीत एक बारीक ओली रेघ उमटते, अन् ती रेघ उलटी वर वर पाहत गेलं की शेवटी भोक सापडते. तिथं खडूनं खूण करा.

काचेचंच निघालं तर रबर नीट पहा. कोपऱ्यात अंगठ्याचं नख दाबा. चांगलं रबर दबते अन् परत वर येते. मेलेलं रबर परत वर येत नाही, नखाची खूण तशीच राहते, बारीक भेगा उघडतात अन् बोटाला काजळीसारखी काळी भुकटी लागते. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, गाडी उघड्यावर, त्या उन्हानं रबर कडक होते अन् आखडते. आखडलं की सगळ्यात आधी कोपऱ्यातून सुटते, म्हणून जुन्या गाडीचे कोपरेच गळतात. असं रबर असेल तर त्याच्यावर काहीही लावणं म्हणजे पैसे पाण्यात, नवं रबरच टाका, काचेच्या मानानं रबर स्वस्त असते. अन् नख दाबल्यावर वर येत असेल, नुसतं सैल झालं असेल तर रबराच्या ओठाखाली लाकडाची किंवा प्लास्टिकची चपटी पट्टी घालून (स्क्रू-ड्रायव्हर नको, त्यानं काचेची कड टवकते) आत ब्युटाइलचं न वाळणारं सीलंट भरा. रबराला दोन खाचा असतात, एका खाचेत काच अन् दुसऱ्या खाचेत पत्रा, तर पाणी कोणत्या बाजूनं येतंय ते पाहून त्या बाजूला भरा, लोक फक्त काचेकडून भरतात अन् पाणी येत असते पत्र्याकडून.

सिलिकॉनबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं जे स्वस्त सिलिकॉन आहे, लावताना ज्याचा व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडते अन् ते ॲसिड पत्र्याला जंग धरवते. बाथरूमच्या टाइल्सला ते ठीक आहे, गाडीच्या पत्र्याला नाही. त्यातून वरून लावलेलं सिलिकॉन एका बाजूनं सुटलं की आत गेलेलं पाणी बाहेर निघायची वाट बंद होते, पाणी रबराखाली साचून राहते. मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षं डेंटिंगचं काम केलं, एक जीप आली होती तिच्या काचेभोवती सिलिकॉनचे तीन थर होते, पांढरा, काळा अन् पुन्हा पांढरा. रबर उपसलं तर फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातून लालसर पापडीच निघाली ओंजळभर, स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. मालकाला वाटत होतं तीन वर्षं गळती थांबवतोय. म्हणून तुमचं ते सिलिकॉन आधी सगळं खरवडून काढा, वेळ लागेल, अंगठे दुखतील, पण त्याचा पातळ थर जरी राहिला तरी त्याच्यावर ना सीलंट चिकटत ना रंग. शेवटी स्पिरिटच्या फडक्यानं पुसून घ्या.

काच काढलीच तर ही संधी सोडू नका. फ्रेमची ती कड तारेच्या ब्रशनं अन् पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, भोक असेल तर डेंटरकडून पत्रा जोडून घ्या (वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा), मग रेड ऑक्साइड (जंग अडवणारा लाल प्रायमर), मग रंग, अन् रंग नीट वाळू द्या, निदान दोन दिवस. ओल्या रंगावर रबर बसवलं तर रंग रबराला चिकटून निघून येतो. जोडताना रबर आधी काचेवर चढवायचं, पत्र्याच्या खाचेत सुताची मजबूत दोरी सगळीकडून फिरवून दोन्ही टोकं आतल्या बाजूला खाली मधात ठेवायची, खाचेला साबणाचं पाणी लावायचं अन् काच बाहेरून फ्रेमवर टेकवायची. एकानं बाहेरून तळहातानं दाबायचं, दुसऱ्यानं आतून दोरी हळूहळू ओढत जायचं, दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. पाहायला फार सुंदर काम आहे हे, पण एका माणसाचं नाही. ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल लावू नका, तेलानं रबर फुगते अन् पुढं लिबलिबीत होते.

काचेच्या कडेला दुधासारखे पांढरे डाग दिसत असतील तर ते दोन काचांच्या मधातल्या थरात ओल शिरल्याचं लक्षण आहे. कडेपुरतं असेल तर चालवा, समोरचं दिसायला अडचण येत असेल तर बदला. तुमची काच सपाट आहे म्हणून काचवाला कापून देईल, पण लॅमिनेटेडच (दोन काचांच्या मधात थर असलेली) घ्या, खिडकीची साधी काच कोणी स्वस्तात देतो म्हटलं तरी घेऊ नका, दगड लागला तर तिचे सुरे होतात अन् समोर आपलं तोंड असते.

खालची आडवी पट्टी किंवा टपाचा जोड निघाला तर काम सोपं, नट सैल करून नवी रबरपट्टी टाका अन् दोन्ही बाजू सारख्या आवळा. अन् काहीही निघो, डॅशखालचे फ्यूज अन् वायरींचे जोड एकदा कोरडे करून पहा, पाय भिजतो तिथंच वर वायरिंग असते.

प्रश्न : नमस्कार दादा, माझी जुनी मारुती ८०० आहे, ड्युटीसाठी रोज पीएचसीला जाते. डाव्या बाजूला पाय ठेवतो तिथं ओलं असतं अन् कुबट वास येतो. काचेचं रबर मागच्याच वर्षी नवीन टाकलंय. मग पाणी कुठून येतंय?
*— वणीजवळून एक आरोग्यसेविका*

उत्तर : ताई, एक सांगा, तुमची गाडी निंबाखाली उभी असते का? काचेच्या खाली, वायपरजवळ जी जाळी आहे तिच्यातून हवा ब्लोअरकडे जाते अन् पावसाचं पाणी खालच्या वाटेनं बाहेर जाते. निंबाच्या काड्या-पानं तिथं साचून गाळ झाला की पाणी तुंबते अन् ब्लोअरच्या वाटेनं आत येते, अन् आपल्याकडच्या गाड्यांना ब्लोअर डाव्या बाजूलाच असतो. हातानं पानं काढा अन् मग मगानं पाणी ओतून पहा, ते लगेच खाली जमिनीवर पडलं पाहिजे. वायपरच्या दांड्याखालचं छोटं रबरी वॉशरही पहा, ते फाटलेलं असते अन् कोणी बघत नाही.

पाऊस नसतानाही ओलं होत असेल अन् एसी लावत असाल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. अन् ते पाणी बोटाला चिकट लागलं, गोडसर वास आला तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आहे, हीटर गळतोय, मग मेकॅनिककडे लगेच जा, थांबू नका. मॅटखालचा नमदा मात्र बाहेर काढून दोन दिवस कडक उन्हात टाका, वरून कोरडा वाटला तरी तो आतून ओलाच राहतो अन् खालचा पत्रा खातो.

प्रश्न : भाऊ, माझ्या गाडीची काच रबरात नाही, चिकटवलेली आहे. वरच्या कडेनं थोडं पाणी येतं. बाहेरून पीयू (काच चिकटवायचं पॉलियुरेथेन सीलंट) लावलं तर चालेल का?
*— वरूडहून*

उत्तर : दोन-चार दिवस ढकलायचे असतील तर लावा, पण पक्कं काम म्हणजे काच कापून काढायची, जुना थर छाटायचा, पत्र्यावरचा जंग साफ करून प्रायमर मारायचा अन् पीयूची एकसलग धार देऊन परत बसवायची. या गाड्यांत काच नुसती पाणी अडवत नाही, टपाला आधारही देते, म्हणून हे काम हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या. नंतर एक दिवस खिडकी दोन बोटं खाली ठेवा अन् दार जोरात लावू नका, आतली हवा दाबली जाऊन ओल्या पीयूवरची काच सरकते.