‘टर्बो’चं स्टिकर, खरं टर्बाइन आणि कांदिवलीची गच्ची: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत स्वतःचं छोटं विमान बाळगणारे आपले बरेच वाचक आहेत, सुट्टीच्या दिवशी हँगरमध्ये काय काय उद्योग करता ते कळवा असं गेल्या महिन्यात विचारलं होतं. आलेल्या पत्रांतली तीन घेतोय.

प्रश्न (डॅलसजवळून): माझ्याकडे 1981 चं टर्बोचार्ज्ड सेस्ना 182 आहे. काउलवरचं, म्हणजे इंजिनच्या झाकणावरचं, जुनं ‘टर्बो’ हे स्टिकर उन्हाने तडकलंय आणि शेपटीकडचा नंबरपण फिका झालाय. मुलीकडे घरगुती कटिंग मशीन आहे, त्यावर दोन्ही विनाइलमध्ये कापून लावले तर चालेल का?

उत्तर: नंबर जरूर कापा, ‘टर्बो’ मात्र परत लावू नका, अगदी कळकळीने सांगतोय. तुमचं इंजिन टर्बो असलं तरी पिस्टनचं, त्याला एवगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल लागतं. पण इंधन भरणारा नवखा पोरगा काउलवर ‘टर्बो’ वाचतो, त्याला वाटतं टर्बाइन आहे, आणि तो जेट ए, म्हणजे टर्बाइनचं रॉकेलसारखं इंधन ओततो. असं खरंच झालेलं आहे, माणसं गेली आहेत. नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या एवगॅसवर इंजिन सुरू होतं, टॅक्सीपण होतं, आणि टेकऑफला पूर्ण पॉवर दिली की डेटोनेशन होऊन, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी स्फोट होऊन, बंद पडतं, तेव्हा खाली घरं असतात. थोडं जेट ए मिसळलं असेल तर टाकीतून नमुना काढायच्या ड्रेन कपात रंग एवगॅससारखा निळसरच दिसू शकतो, म्हणून नुसत्या रंगावर भरवसा नको. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका, एवगॅस उडून जातं, जेट ए तेलकट डाग ठेवतं. स्टिकर करायची हौस असेल तर टाकीच्या झाकणापाशी ‘फक्त एवगॅस 100 एलएल’ हे कोरं करकरीत इंग्रजीतून लावा, ते तसंही तिथे असायलाच लागतं, आणि बहुतेक विमानांवर तेच सगळ्यात आधी पुसट होतं.

आता नंबर. नियम 12 इंच उंचीचा, अक्षराची रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश, रेघेची जाडी एक षष्ठांश, सावली-बिवली नाही, रंग उठून दिसणारा. विमान 30 वर्षांपेक्षा जुनं आणि बाहेरून मूळ रूपात असेल तर 2 इंच उंचीचाही चालतो, पण मी असतो तर 12 चाच ठेवला असता, लांबून वाचता येतो. विनाइल ‘कास्ट’ प्रकारचं घ्या, स्वस्तातलं कॅलेंडर्ड नको, ते आकसतं आणि रिव्हेटच्या डोक्यांवर तंबूसारखं उभं राहतं. आधी मेण आणि तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा, मग पाण्यात दोन थेंब बेबी शाम्पू घालून पत्रा ओला करा, म्हणजे अक्षर सरकवायला वेळ मिळतो. माझं पहिलं अक्षर मी कोरडंच चिकटवलं होतं, ते वाकडं गेलं आणि अख्खा नंबर फाडून परत कापावा लागला, त्यात पूर्ण शनिवार गेला. पाणी स्क्वीजीने काढून झालं की रिव्हेटवर हीट गनची हलकी ऊब देऊन ब्रशने दाबत जा. स्टॅटिक पोर्ट (हवेचा दाब मोजायचं भोक), व्हेंट आणि पोटाखालची ड्रेनची भोकं यांच्यावर काहीही येता कामा नये. रडर-एलरॉनवर, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या फळ्यांवर, मोठे पट्टे ओढायचे किंवा रंग द्यायचा विचार असेल तर आधी मेकॅनिकशी बोला, बिजागरीच्या मागे वजन वाढलं की बॅलन्स बिघडतो आणि वेगात फ्लटर, म्हणजे आवरता न येणारी थरथर, होऊ शकतो.

प्रश्न (न्यू जर्सीहून): सीटचे कव्हर, बॅटरी, लँडिंग लाइट यातलं मालक स्वतः काय करू शकतो?

उत्तर: हे तिन्ही. विमान भाड्याने चालत नसेल आणि तुमच्याकडे पायलट सर्टिफिकेट असेल तर तेल, टायर, स्पार्क प्लगसुद्धा. काम झालं की लॉगबुकात तारीख, काय केलं ते, सही आणि सर्टिफिकेट नंबर लिहायचा, हे लोक विसरतात. सीटचं कापड मात्र आग पटकन न पकडणारं हवं, त्याचा कागद मागून घ्या, सोफ्याचं कापड आणून शिवू नका.

प्रश्न (शिकागोहून): ए36 बोनान्झा आहे, 300 हॉर्सपॉवरचं. टर्बोप्रॉप कन्व्हर्जन करावं, म्हणजे पिस्टन इंजिन काढून पंखा फिरवणारं टर्बाइन बसवावं, असं फार दिवस डोक्यात आहे. स्वतः किती करता येईल? आणि नाशिकला भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला घरीच विमान बांधायचंय, त्यालाही काही सांगा.

उत्तर: स्वप्न छान आहे, मलाही ते टर्बाइन सुरू होतानाचं शिट्टीसारखं चढत जाणं ऐकलं की अजून अंगावर काटा येतो. पण सर्टिफाइड विमानावर हे स्वतःच्या मनाने करता येत नाही, त्याला मंजूर झालेलं एसटीसी, म्हणजे त्या बदलाचा परवाना, लागतं आणि काम तसा अधिकार असलेल्या मेकॅनिककडून किंवा दुकानातून करून घ्यावं लागतं. बोनान्झाचं काम टेक्सासमध्ये अमारिलोला होतं, रोल्स-रॉइस 250 बसवतात, 450 हॉर्सपॉवर. पायपर मालिबूवर प्रॅट अँड व्हिटनीचं पीटी6 बसवलेली विमानंही तुम्ही पाहिली असतील.

खर्च काही लाख डॉलर, तो तुम्ही बघितलाच असेल. मला जास्त काळजी इंधनाची वाटते. तुमच्या टाक्यांत वापरता येणारं 74 गॅलन आहे, आत्ता तासाला 15 च्या आसपास जातंय म्हणजे जवळपास पाच तास, टर्बाइनने 26 धरलं तर तीन तासही नाहीत, त्यातून रिझर्व्ह वजा करा. म्हणून पंखांच्या टोकांना जादा टाक्या, टिप टँक, लावतात. इंजिनचं वजन पिस्टनच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, जागेवर राखायला ते पुढे सरकवून नाक लांब करावं लागतं. आणि वेगाची वरची मर्यादा एअरफ्रेमची, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची असते, इंजिन बदललं म्हणून ती वाढत नाही. खरा फायदा चढाईत आणि उंचावर आहे. एक-दीड तासाचं खालून उडणं असेल तर हा पैसा हवेत जाईल असं माझं स्पष्ट मत आहे, डोंगरापलीकडे नेहमी जायचं असेल तर गोष्ट वेगळी. सुरू करताना बॅटरी मरतुकडी असली तर काही सेकंदांत हॉट स्टार्ट होतो, म्हणजे टर्बाइन आतून मर्यादेबाहेर तापतं, आणि त्याचं बिल फार मोठं येतं, त्यामुळे ट्रेनिंग घेतल्याशिवाय हात लावू नका.

अगदी आपल्याच हाताने इंजिन बसवायचं असेल तर रस्ता एक्सपेरिमेंटलचा, निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं विमान. वर्षानुवर्षं लागतात, पण जुलैत ऑशकॉशच्या विमानमेळ्याला गेलात तर अशी विमानं बांधलेली माणसं स्वतःच्या पंखाखाली खुर्ची टाकून बसलेली भेटतात, काहीही विचारा, सांगतात.

भाच्याला: बाळा, कांदिवलीच्या चारकोपात कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, 2016 मध्ये ते मुंबईत मेक इन इंडियाला लोकांनी पाहिलं, आणि उडवून बघायची परवानगी मिळेपर्यंत 2019 उजाडलं. म्हणजे विमान होतं, कागदाला तेवढाच दम लागतो. आत्ता इंजिन-बिंजिन शोधत बसू नकोस. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन तुकडे घे आणि सरळ रेषेत शंभर रिव्हेट मारून बघ, वाकडे गेलेले ड्रिलने काढून परत मार. शंभरच्या शंभर नीट बसले की मला फोटो पाठव, पुढचं मग बोलू.