फोन उशाशी घ्या

पत्र : ‘१४ महिन्यांपूर्वी विहिरीत मोटार उतरवताना दोर तुटला, मी खाली पडलो. मणक्याला मार लागला, कमरेखाली आता काही कळत नाही. वय ३९. मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. धाकटा भाऊ चालवतो, पण त्याला वाइंडिंग येत नाही, नुसते पाइप आणि वायर विकतो. आमची मंडळी रात्रंदिवस माझ्यासाठी राबते, फोनही तीच उचलते. भेटायला येणारा प्रत्येक जण मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतो. ते गेले की मी भिंतीकडे तोंड करून पडतो. आता जगायला नवं कारण कुठून आणू?’ – सांगली जिल्ह्यातील वाचक

उत्तर :
‘फोनही तीच उचलते.’ तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा इथंच अडखळले. कुणाचे फोन येतात? पत्राच्या इथं न छापलेल्या भागात तुम्हीच ओझरतं लिहिलंय, शेतकऱ्यांचे. मोटार बंद पडली की १४ महिन्यांनंतरही त्यांना तुमचाच नंबर आठवतो. आणि तुमच्या पत्नी त्यांना सांगतात, ‘त्यांना बरं नाही.’

त्या राबतात, ते दिसतंय. पण हे उत्तर चुकीचं आहे आणि ते मला मनापासून खटकलं. तुम्हाला ताप नाही. तुमचे पाय गेलेत. आजारी माणसाला निजू द्यावं, पाय गेलेल्याला नाही. रोज दोन-चार वेळा तुमच्याच खोलीत, तुमच्या देखत, तुमचा धंदा बंद झाल्याचं जाहीर होतंय आणि तुम्ही ते गुपचूप ऐकून घेताय. फोन त्यांनी हिसकावलेला नाही, तुम्हीच देऊन टाकलात.

पेटकरांचं नाव ऐकून तुम्हाला का टोचतं, ते समजतं मला. ते सैन्यात बॉक्सर होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक त्यांनी मिळवलं. येणारी माणसं गोळी सांगतात, पदक सांगतात. मधली सात वर्षं कुणी सांगत नाही. शिवाय पेटकरांची बॉक्सिंग सुटली, त्यांना दुसरं काही शोधावंच लागलं. तुमचं काय सुटलंय? विहिरीत उतरणं सुटलं, खांबावर चढणं सुटलं. पण मोटारीच्या खाचांत पेपर घालून तारेची कॉइल भरायला पाय कधी लागले होते? आमच्या गल्लीतले वाइंडिंगवाले काका सकाळी जे मांडी घालून बसायचे, ते जेवायलाच उठायचे. नवं कारण शोधत बसू नका हो, जुनं अजून फोन करतंय.

म्हणून एकच सांगते. आज रात्री फोन स्वतःच्या उशाशी घ्या आणि पुढचा तुम्ही उचला. पत्नीला वाईट वाटेल, वाटू द्या. आवाज कापेल, कापू द्या. समोरच्याला तुमचा आवाज नकोच आहे, त्याला पाणी हवंय.

मग काम आपोआप घरी येईल. भाऊ जळालेली मोटार आणून टेबलावर ठेवेल, तेवढं त्याला नक्की जमेल. फक्त दोन गोष्टी जिवापाड सांभाळा. खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, नाहीतर बसल्या जागी जखम होते आणि तुम्हाला कळतही नाही. आणि तापलेलं सोल्डरिंग मांडीवर टेकवायची सवय असेल तर ती आजपासून बंद. चटका बसलेला समजणार नाही, कातडी करपल्यावर दिसेल.

तुमच्याकडे शेतीची लाइट रात्रपाळीला येत असेल, तर फोनही अवेळीच येईल. पलीकडून कुणीतरी ओरडेल, मोटार उचलत नाही, नुसती घुं घुं करते. विजेच्या तीन तारांपैकी कोणता फेज गेलाय ते पाहायला तुम्हाला तिथं जावं लागत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्याला आधी सांगा, ‘स्टार्टर बंद कर, कॉइल जळेल.’ मग विचारा, ‘आता पॅनलपाशी उभा आहेस का?’