पोरगं म्हणतंय असोसिएशनमध्ये जायचं

नमस्कार भाऊ,

सेलूहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरगं बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, विद्यापीठाकडून खेळलं, जिल्ह्याकडून खेळलं, पण त्याच्या पुढं काही सिलेक्शन झालं नाही, आणि आता म्हणतंय मला क्रिकेटच्या कारभारात जायचंय, गांगुली गेला तसं. तुम्ही विचारलंय की हे आपल्यासारख्या शेतकऱ्याच्या लेकराचं काम आहे का, का सगळं पुढाऱ्यांचंच असतं, आणि पोटापाण्याचं काय. त्याची आई तर म्हणते एमपीएससी कर.

गांगुलीचं आधी सांगतो, कारण पोरं शेवटचा फोटो तेवढा बघतात. तो 2019 ला बीसीसीआयचा अध्यक्ष झाला खरं, पण 2014 ला तो बंगालच्या क्रिकेट असोसिएशनमध्ये संयुक्त सचिव होता, 2015 ला तिथला अध्यक्ष झाला आणि मग पुढचं. एवढा मोठा कॅप्टन, तरी सुरुवात राज्याच्या ऑफिसातूनच केली. मला स्वतःला पॉली उम्रीगर यांचं उदाहरण जास्त पटतं. 59 टेस्ट, 12 सेंच्युऱ्या, टेस्टमध्ये भारताची पहिली डबल सेंच्युरी त्यांची, 1955 ला हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223. हा माणूस नंतर टीमचा मॅनेजर झाला, निवड समितीचा अध्यक्ष झाला, मुंबई असोसिएशनचा सचिव, बीसीसीआयचा कार्यकारी सचिव, आणि वरून वानखेडेचं पिच तयार करायचं कामही बघितलं. बीसीसीआय वर्षातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला जो पुरस्कार देते तो त्यांच्याच नावाचा आहे. तुमच्या पोराला हे सांगा, यातलं पिचचं तर नक्की सांगा.

कारण आपल्याकडं काम तेच पडलंय. जालन्याचा विजय झोल 2014 ला अंडर-19 वर्ल्ड कपमध्ये भारताचा कॅप्टन होता, तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर 2022 चा अंडर-19 वर्ल्ड कप जिंकलेल्या टीममध्ये होता, बीडच्या सचिन धसनं 2024 च्या सेमीफायनलला 96 मारले. खेळणारी पोरं मराठवाड्यातून निघतायत, त्यांच्यामागं कागदपत्रं, ग्राउंड, अंपायर सांभाळणारा माणूस मात्र तालुक्याला सापडत नाही. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ग्राउंडवर मी उभा होतो, मॅट ताणून खिळे ठोकलेले, फक्की मारलेली, चौदा वर्षाचा एक डावखुरा स्पिनर बॉल असा वळवत होता की कीपर दोनदा चुकला. जिल्ह्याच्या ट्रायलला त्याला परत पाठवलं, कारण जन्मदाखल्यावरची तारीख आणि शाळेच्या टीसीवरची तारीख जुळत नव्हती. वडील तिथंच भिंतीला टेकून बसले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला दाखला. दोन महिने आधी कुणी एवढंच सांगितलं असतं की काका तारीख दुरुस्त करून आणा, तर काम झालं असतं. ते मला आजही खुपतं. वयाच्या बाबतीत बोर्ड कडक आहे, अंडर-16 ला मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, त्यामुळं कागद आधीपासूनच नीट पाहिजेत, आणि ते बघणारा माणूस म्हणजेच खरा प्रशासक असं मी धरून चालतो.

आता पैशाचं, हे नीट ऐका. असोसिएशनमधली पदं बहुतेक मानद असतात, म्हणजे पगार नाही, आणि ती निवडणुकीनं मिळतात, ओळखी लागतात, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. 2016 ला सुप्रीम कोर्टानं क्रिकेटचा कारभार सुधारण्यासाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशी मान्य केल्या, त्यात मंत्र्यांना आणि सत्तरीच्या वरच्यांना बाहेर ठेवा, खेळाडूंना आत घ्या असं होतं, त्यानं दार थोडं उघडलं, पण म्हणून पद हेच करिअर धरून बसायचं नाही. पगार दुसरीकडून यायला पाहिजे. बी.कॉम. पूर्ण करू द्या, अकाउंट येणारा माणूस प्रत्येक क्लबला लागतो. त्यानंतर सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, दोन वर्षांची. पुढं एम.पी.एड. करून नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा काढली तर कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक होता येतं. क्रीडा अधिकाऱ्यांच्या काही पदांची भरतीही एमपीएससीतून निघते, म्हणजे त्याच्या आईचं एमपीएससीचं म्हणणं आणि ह्याचं क्रिकेट यात भांडण असायचं कारणच नाही. आणि खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, त्याची सर्टिफिकेटं त्यात बसतात का ते विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात जाऊन आत्ताच विचारून घ्या, जाहिरात निघाल्यावर धावपळ नको.

आणि खेळणं बंद करू नका म्हणावं. या सीझनला त्यानं रविवारी स्कोअरिंग करावं, असोसिएशन स्कोअररच्या आणि अंपायरच्या परीक्षा घेतं त्याची चौकशी करावी, आणि आपल्याच तालुक्यात शाळेच्या पोरांची आठ टीमांची एक छोटी स्पर्धा भरवून बघावी. वर्गणी किती जमली, बॉल किती लागले, अंपायरला किती दिले, पाण्याच्या टँकरचं किती झालं, सगळं एका वहीत, बिलं चिकटवून. पाऊस आला तर मॅच कधी घ्यायची हे आधीच ठरवून. ती वही घेऊन दोघंही दिवाळीनंतर माझ्याकडं या, पुढचं आपण तिच्यावरून बोलू.