फ्लॅटच्या फॉल्स सीलिंगसाठी स्टिल्ट्स घ्यावेत का? घ्यायचे तर कोणते?

तुमचा प्रश्न असा : वाकड-हिंजवडीकडे फ्लॅटच्या इंटिरियरची कामं घेता, व्हिडिओत परदेशी कारागीर पायाला उंच पाय बांधून सीलिंगखाली आरामात फिरताना दिसतात, तर तसे स्टिल्ट्स आपल्या पोरांना द्यावेत का आणि त्यात धोका किती.

मीही पुण्यात हीच कामं करून घेतो. बोर्डांच्या जॉइंटवर टेप लावणं, पुट्टी, सँडिंग, रंगाचा शेवटचा हात एवढ्यासाठी स्टिल्ट्स उत्तम. पण ते ऑफिसच्या मोकळ्या मजल्यावर. टू बीएचकेमध्ये घोडी-फळीच (दोन घोड्यांवर टाकलेली उभं राहायची फळी) बरी, आणि त्याचं कारण दाराची चौकट आहे. आपल्याकडे चौकट साधारण ७ फुटांची. साडेपाच फुटी माणसाला २ फुटांचे पाय लावले की तो साडेसात फुटांचा होतो. म्हणजे दर खोलीच्या दाराशी बसा, पट्टे सोडा, पलीकडे जाऊन पुन्हा बांधा. पोरं एवढं करत नाहीत, मान वाकवून जायला बघतात, आणि तोल जातो तो तिथेच.

आता प्रकार. ऑनलाइन शोधलं की भलत्याच वस्तू एकत्र दिसतात. छत्तीसगडात हरेलीच्या सणाला मुलं ज्या बांबूच्या गेडीवर चालतात, ती हातांनी धरावी लागते, त्यामुळे कामाला निरुपयोगी. लग्नात लांब पायजमा घालून पाहुण्यांचं स्वागत करणारे कलाकार वापरतात ते पेग स्टिल्ट्स. त्यांना खाली टेकायला जेमतेम मुठीएवढी जागा असते, म्हणून जागच्या जागी उभं राहता येत नाही, पावलं हलतीच ठेवावी लागतात. फ्रान्सच्या लांद भागात पूर्वी मेंढपाळ दलदलीच्या माळावर असेच लाकडी पाय बांधून फिरायचे. थांबायचं झालं की तिसरा पाय म्हणून लांब काठी टेकवायचे. तुमच्या मिस्त्रीच्या एका हातात पुट्टी आणि दुसऱ्या हातात ती ओढायचा पत्रा असणार, काठी कुठून आणायची?

तुम्हाला हवेत ते ड्रायवॉल स्टिल्ट्स, म्हणजे जिप्सम बोर्डाच्या कामासाठीचे. बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे असतात, काही मॅग्नेशियमचे, ते वजनाला हलके. खाली रुंद रबरी तळवा, वर बूट ठेवायचा पाट, आणि दोन्हींना जोडणारे समांतर दांडे. पाऊल टाकताना दांडे कलतात, पण पाट आणि तळवा एकमेकांना समांतरच राहतात आणि स्प्रिंग दांड्यांना परत सरळ करतात. म्हणून चालताही येतं आणि स्थिर उभंही राहता येतं. पोटरीला एकाच बाजूने आधार देणारे आणि दोन्ही बाजूंनी देणारे असे दोन्ही मिळतात. नवशिक्याला दुसरे द्या.

उंची बदलता येते. १५ ते २३, १८ ते ३०, २४ ते ४० इंच हे नेहमीचे साइज. सीलिंग डोक्यापासून वीतभर तरी वर राहील असा हिशोब धरा. सीलिंग साडेआठ-नऊ फुटांवर असेल तर १८-३० चा जोड पुरतो. वजनाची मर्यादा बहुतेकांची १०० किलोच्या आसपास असते, आणि त्यात हातातलं सामानही धरायचं.

खरा प्रश्न जमिनीचा आहे. आपल्या साइटवर नव्या टाइल्सवर प्लास्टिक अंथरून वर पीओपीचा थर देतात. चार दिवसांत तो थर फुटतो, प्लास्टिक मोकळं होतं, आणि त्यावर रबरी तळवासुद्धा सरकतो. शिवाय त्याच खोलीत इलेक्ट्रिशियनची वायर आडवी पडलेली, सुताराचे प्लायचे तुकडे आणि कुणाची तरी पाण्याची बादली. वर बघून काम करणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. पायाला पट्टे बांधलेले असल्यामुळे तोल गेला की उडी मारून सुटता येत नाही, माणूस आडवाच येतो. म्हणून त्या खोलीत त्या वेळी दुसरं कुणी काम करायचं नाही, हे ज्याला पाळता येत नाही त्याने स्टिल्ट्सच्या नादी लागू नये.

दुसरी गोष्ट गॅलरी. साडेतीन फुटांचा कठडा २ फुटांच्या स्टिल्ट्सवर गुडघ्यापाशी येतो आणि खिडकीचा कट्टा नडगीपर्यंत. अमेरिकेतल्या ओशाच्या (OSHA, कामगार सुरक्षेचं सरकारी खातं) नियमांत स्कॅफोल्डवर (परांचीवर) स्टिल्ट्स घालायचे तर स्टिल्ट्स जेवढे उंच तेवढाच कठडाही वाढवा असं म्हटलंय, तेही फक्त मोठ्या, सलग फळ्यांच्या स्कॅफोल्डवर. आपण सरळ असं ठेवावं : गॅलरी, जिना, डक्ट (पाइपांसाठीची उघडी पोकळी) आणि उघड्या खिडकीजवळ स्टिल्ट्स नाहीतच. आणि पंख्याचा एमसीबी (मेन बोर्डातला स्विच) पाडल्याशिवाय कुणी चढायचं नाही, हात पात्यांच्या रेषेत येतात.

सीलिंगला बोर्ड चढवणं स्टिल्ट्सवरच्या कामात बसत नाही. साडेबारा मिलिमीटर जाडीचा ६ बाय ४ फुटांचा जिप्सम बोर्ड १८-२० किलोचा असतो, तो डोक्यावर तोलत टाकलेलं एक चुकीचं पाऊल पुरे. हॅमर ड्रिलचंही तसंच, मशीनचा झटका थेट तोलावर येतो.

सवयीबद्दल थोडं. चप्पल चालणार नाही, नाडीचे कडक तळाचे बूट हवेत. दोन्ही पायांची उंची सारखी आहे ना, नट घट्ट आहेत ना, पट्टे आणि रबर झिजलेत का, हे रोज सकाळी बघायचं. उंच बाकावर बसून बांधायचे आणि बसूनच सोडायचे. सुरुवात सर्वांत कमी उंचीवर, रिकाम्या हॉलमध्ये, हातात काही न घेता. पाय फरपटायचे नाहीत, गुडघा उचलून टाकायचे, उलटं चालायचं नाही. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकायचं नाही, त्यासाठी एक हेल्पर खालीच ठेवा. त्याची मजुरी धरूनही परवडत असेल तरच हा उद्योग करा. मोडलेला भाग वेल्डिंगवाल्याकडून जोडून आणू नका, कंपनीचाच सुटा भाग बसवा.

माणूस कामावर पडला तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकाची; पूर्वी ती १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यानुसार होती, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. तेव्हा विम्याची पॉलिसी घेताना उंचीवरचं काम त्यात बसतं का, हे एजंटकडून लिहून घ्या आणि मगच जोड मागवा. पहिल्यांदा एकच मागवा, आणि तो पुट्टीत हात बसलेल्या, घाई न करणाऱ्या मिस्त्रीला द्या.