सर्टिफिकेटमध्ये आकडा आहे का?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका टेम्पोचालकाने विचारलंय. लग्नाहून रात्री परतताना नाक्यावर पोलिसांनी अडवलं. फुंकायचं मशीन बंद होतं, म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंडाचा वास घेतला, चार पावलं चालायला लावलं, फॉर्म भरला. कानडी कागदांवर याने सह्या केल्या. पुढे समन्स आलं, पहिली तारीख चुकली. आता कोर्टाच्या आवारातला एक एजंट पाचशे रुपये ॲडव्हान्स घेऊन सांगतोय, 'गुन्हा कबूल करा, दहा हजार भरा, सुटा.' भरू का?

निपाणी असो, चिकोडी असो की बेळगाव, गाव बदलतं, एजंटाचं वाक्य तेच असतं. प्यायलात की नाही, या चर्चेत मी शिरत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूपुरता गुन्हा उभा राहतो तो एका आकड्यावर: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. आणि तेही ब्रेथ ॲनालायझरच्या किंवा प्रयोगशाळेच्या तपासणीत सापडलेलं. 2019 च्या दुरुस्तीने 'इतर कोणतीही चाचणी' असे शब्द आत आले, त्यामुळे डॉक्टरांची तपासणी चाचणीतच मोडते असा युक्तिवाद सरकारी वकील करतील. करू देत. वास घेऊन 30 मोजता येत नाहीत. तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून नशा सिद्ध होत नाही, हे मुंबईच्या एका अपघात प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1971 सालीच सांगितलंय.

तेव्हा आरोपपत्राच्या नकला काढा. केस पोलीस रिपोर्टवर असेल तर त्या फुकट मिळतात, तो तुमचा हक्क आहे. त्यात डॉक्टरांचं सर्टिफिकेट शोधा. 'स्मेल ऑफ अल्कोहोल प्रेझेंट' एवढंच असेल आणि रक्ताचा रिपोर्ट जोडलेला नसेल, तर केस लढण्यासारखी आहे. अटक केली होती का आणि किती वाजता, तेही बघा. कलम 202 प्रमाणे अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर माणसाला सोडावं लागतं. फक्त उशिरावर निर्दोष सुटाल अशी खात्री मात्र मी देणार नाही.

रक्त घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. मग सुई टोचण्याआधी हात स्पिरिटने, म्हणजे अल्कोहोलनेच, पुसला का, बाटलीत नमुना टिकवणारं सोडियम फ्लोराइड होतं का, सील कुणी केलं, नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुठे पडून होता, हे सगळं उलटतपासणीत काढावं लागतं. त्यातून काय हाती लागेल ते फाईल पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आणि रक्त मागितलं असताना योग्य कारणाशिवाय नकार दिला असेल, तर कलम 205 प्रमाणे तो नकारच तुमच्याविरुद्ध वापरला जातो. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. कळीचं तेवढंच गाळलंत.

सह्यांबद्दल काय बोलू? वाचता न येणाऱ्या कागदावर सही करू नका हे सांगून आमच्या वकिलांच्या बाररूममधल्या प्रत्येकाची जीभ झिजली. कागद मराठीत मिळावेत ही सीमाभागाची मागणी जुनी आहे, पण नाक्यावर रात्री अकरा वाजता ती पुरी होत नसते. 'मला वाचून दाखवा' म्हणायला काय जात होतं? नशीब एवढंच की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

आता एजंटाचं. कलम 185 चा गुन्हा जागच्या जागी दंड भरून मिटवता येत नाही, मॅजिस्ट्रेटपुढेच जावं लागतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. तुम्ही कबूल केलंत की तो 30 चा आकडा सरकारला सिद्ध करावाच लागत नाही. शिवाय कलम 20 प्रमाणे दोषी ठरलात की कोर्टाने किमान सहा महिने लायसन्स अपात्र ठरवायचं असतं. हे एजंट सांगत नाही, कारण टेम्पो त्याचा नाही. नंतर अपील करू म्हणाल तर कबुलीनंतर दाद फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतीच मागता येते. लायसन्स चंदगडकडच्या पत्त्यावर, महाराष्ट्रातलं असलं तरी त्या अपात्रतेतून सुटका नाही.

सगळ्यात आधी चुकलेली तारीख. वॉरंट निघालं असेल तर पोलीस दारात येईपर्यंत थांबू नका. वकीलपत्र द्या, स्वतः हजर व्हा, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी टाका. पुढे तारखा पडत राहतील. डॉक्टरसाहेबांची बदली झालेली असेल, साक्षीला यायला ते महिनेन्‌महिने लावतील. टेम्पो एक दिवस उभा ठेवून प्रत्येक तारखेला यायचं. जमणार नसेल तर सूट मागणारा अर्ज वकिलाला आधी सांगून ठेवा, तारखेच्या सकाळी फोन करून उपयोग नाही.

पाचशे रुपये परत मागून बघा. मिळतील असं वाटत नाही.